कपॅसिटी बिल्डिंग, दोन खिडक्यांची

इंग्रजी भाषेवर माझ्या मामीइतका विश्वास खुद्द इंग्रजांनीही कधी ठेवला नसेल. वडील फौजेत, त्यामुळे मी छावण्यांमधल्या शाळांत इंग्रजी शिकत वाढले, तरी चार माणसांत ती भाषा बोलायची वेळ आली की माझा आवाज आपोआप खाली येतो. मामी आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागे वाढली. ती इंग्रजी शब्द बाजारातल्या भांड्यासारखा हातात घेते, ठोकून बघते आणि त्याच दिवशी चुलीवर चढवते. ती बायकांचा लोकरीचा गट चालवते. त्या गटाला साताऱ्याची एक संस्था मदत करते आणि त्या संस्थेला परदेशातली एक बडी संस्था. त्यामुळे मामीच्या माळावर पाऊस कमी आणि इंग्रजी शब्द जास्त पडतात, आणि त्यातला एकही तिने वाया जाऊ दिलेला नाही. तिच्या शेळ्यांची नावं बेसलाइन, मिशन आणि प्रपोजल अशी आहेत. प्रपोजल कुठेही पाठवली तरी परत येते. एकदा संस्थेचे साहेब ओसरीवर चहा घेत होते, तेवढ्यात मामा गोठ्यातून ओरडला, "आगं, बेसलाइन व्याली! दोन हायत!" साहेब कप खाली ठेवून घाबरून म्हणाले, "दोन कशा? आपण तर पाहणी एकच पाठवली होती!"

मामीचा आवाज हा वेगळाच विषय आहे. लहानपणी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाका मारून तो तयार झालेला, त्यामुळे मोबाइल कानाला लावणं तिला कधी पटलं नाही. ती तो हातभर लांब धरायची आणि पलीकडच्या गावाच्या दिशेने तोंड करून बोलायची. सुट्टीत मी गेले की माझ्या बोलण्यावर तिची पहिली तक्रार ठरलेली. "काय गं, विंग्रजी शाळेत आवाजाचं येगळं पैसं घेत्यात व्हय? बोललेलं पोचलं पायजे, बये. न्हाई पोचलं तर बोलायचं कशाला?" मी हसायचे आणि आणखी हळू बोलायचे. तिचा दुसरा नियम असा की तिच्या घरी येणाऱ्याचे हात रिकामे राहता कामा नयेत. पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्या मांडीवर लोकरीचा पुंजका पडायचा. गप्पा मारता मारता त्यातली कुसळं वेचायची. तलाठी असो, जनावरांचे डॉक्टर असोत, मुलगी बघायला आलेली मंडळी असोत, सगळ्यांनी तिच्याकडे कुसळं वेचली आहेत. साताऱ्याचे साहेब तर तिच्याकडे येताना नेहमी जुनी पँट घालून येत.

हा गट बिरोबाच्या देवळाच्या मंडपात बसायचा. पिंजणं, कातणं, घोंगड्या, आसनं, सगळं तिथेच. या कामामुळे बायकांचं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणं थांबलं होतं. मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला आणि पंचांनी सांगितलं, दसऱ्यानंतर जागा मोकळी करा. गावात दुसरी जागा नव्हती. जागा नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे घराला कुलूप लावून पुन्हा कोयता घेऊन निघायचं. नेमक्या त्याच दिवसांत मामीला साताऱ्याला बोलावणं आलं. संस्थेच्या कचेरीत पडद्यावर परदेशातल्या त्या बड्या संस्थेच्या बाई बोलत होत्या. मामीला त्यांचं बाकी काही कळलं नाही, पण दोन शब्द पुन्हापुन्हा येत होते आणि ते तिने नीट ऐकले. साहेबांनी मराठीत एवढंच सांगितलं: येत्या वर्षात तुमच्या गटाची कपॅसिटी बिल्डिंग.

संध्याकाळच्या एसटीने ती परत आली आणि फाट्यावर उतरल्या उतरल्या ओरडली, "आगं, बिल्डिंग मंजूर झाली!"

दुसऱ्या दिवशी मामाने दिलेल्या फाट्याजवळच्या जमिनीच्या तुकड्यावर नारळ फुटला. मंजुरी आली म्हणजे पुढचं सगळं येईलच, तोवर आपण कशाला थांबायचं, असा मामीचा हिशेब. माळावर दगडाला तोटा नाही. बायकांनी तो फोडला, वाहिला. एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून त्याच्याकडून ओळंबा धरायला शिकल्या आणि दोन भिंतींनंतर त्याच्याशीच वाद घालू लागल्या. साहेब फोनवर विचारायचे, "कपॅसिटी बिल्डिंगचं कसं चाललंय?" मामी हात लांब करून सांगायची, "लय जोरात! कमरेपतूर आलंय!" हा या भागातला वाक्प्रचार असेल असं समजून साहेब वर कळवायचे की काम अतिशय जोरात सुरू आहे. वरचे आणखी वर कळवायचे. शेवटी हे जोरातलं काम प्रत्यक्ष पाहायला पडद्यावरच्या बाईच येणार असं ठरलं.

बोलणं सांगायला इंग्रजी येणारं कुणी हवं, म्हणून मामीने मला बोलावून घेतलं. फाट्यावर उतरले तर समोर दगडी भिंती उभ्या, वर अर्ध्यावर पत्रा, आणि दारावर निळ्या रंगात ठळक देवनागरी पाटी: कपॅसिटी बिल्डिंग. ती मी दोनदा वाचली. मग मामीला बाजूला घेऊन सांगितलं की याचा अर्थ इमारत असा होत नाही.

"म्हंजी?"

"म्हणजे क्षमता वाढवणं. माणसात काही करून दाखवायची ताकद असते ना, ती."

मामीने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती तर हाय की आमच्यात. न्हवती ती बिल्डिंग." आणि शिडी भिंतीला टेकवत, "मग जे न्हाई ते बांधायचं का जे हाय ते?"

मी म्हटलं, "मामी, पण त्या चिडल्या तर? गटाची मदतच थांबवली तर?" ती शिडीवर चढली. उरलेला पत्रा त्याच दिवशी बसला.

पाहुण्यांच्या दिवशी साहेब लवकर आले आणि दोन्ही हात डोक्याला लावून कट्ट्यावर बसले. पाटीवर बॅनर टांगावा असं त्यांनी सुचवलं. मामी म्हणाली, "टांगा की. आन् बॅनर वाऱ्यानं उडाला, तर पाटीला काय तोंड दावू?" मग साहेब माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही हिला समाजमंदिर म्हणा. कागदावर समाजमंदिर चालतं."

पडद्यावरच्या त्या पिकल्या केसांच्या बाई गाडीतून उतरल्या. मामीने त्यांच्या हातात लोकर दिली आणि त्याही कुसळं वेचू लागल्या. मग त्यांनी वर पाहून मला इंग्रजीत विचारलं, "त्या पाटीवर काय लिहिलंय?" साहेब माझ्याकडे बघत होते, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या पाटीत भाषांतर करण्यासारखं काही नव्हतंच. पाटीवर होतं ते मी तसंच वाचलं. पाठीमागून मामी म्हणाली, "मोठ्यानं, बये." मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

बाईंचे हात थांबले. त्यांनी भिंतींकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. "हे कुणी बांधलं?"

मी मराठीत विचारलं आणि नंतर मला काही विचारावंच लागलं नाही. एकेक बाई उठून भिंतीला हात लावून सांगू लागली. "ही भित माजी." "चौकट मी बशिवली." "ह्यो उंबऱ्याचा दगुड हिच्या नवऱ्यानं आणला, पर हिनं वरडून वरडून आणाय लावला." "व्हय, आन् तू वाकडा लावला!" मी इंग्रजीत सांगत होते, धापा टाकत, आणि आपला आवाज चढतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की लोकर मांडीवरून उडाली. डोळे पुसत म्हणाल्या, "किती वर्षं मी हा शब्द अहवालांमध्ये लिहितेय. त्याला दार आणि खिडकी असते, हे आज पहिल्यांदा पाहिलं."

मी ते मामीला सांगितलं. मामी गंभीरपणे म्हणाली, "खिडक्या दोन हायत म्हणावं."

मदतीचा पुढचा टप्पा तिथेच कट्ट्यावर बसून ठरला. साहेबांनी त्या दिवशी इतकी कुसळं वेचली की त्यांना थांबवावं लागलं. त्या दिवाळीनंतर गटातल्या एकाही घराला कुलूप लागलं नाही. आता दुसऱ्या गावच्या बायका तिथे शिकायला येतात आणि त्यांनाही आधी दगड उचलावा लागतो, कारण मामीला मागच्या बाजूला आणखी एक खण वाढवायचा आहे. एसटीचा कंडक्टर फाट्याचं जुनं नाव विसरला आहे. "कपॅसिटी बिल्डिंगवाले, चला, दाराशी या," असं तो ओरडतो आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या म्हाताऱ्या बिनधास्त उतरतात. बेसलाइनच्या नातीचं नाव फेज-टू आहे.

मी आता शिरवळला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. रविवारी मामीला फोन लावते. अलीकडे तिने एक सवय बदलली आहे. ती मोबाइल कानाला लावते, अगदी दाबून, आणि तरीही तीच मला म्हणते, "काय म्हणलीस? आयकू येईना गं." टेकडीपलीकडची हाक ओळखणारे ते कान आता थकत चाललेत. मग मी खोलीतून गच्चीवर जाते, महामार्गावरच्या ट्रकांकडे पाठ करते आणि आटपाडी ज्या बाजूला असेल असं वाटतं तिकडे तोंड करून, पोटातून आवाज काढून विचारते, "मामी! जेवलात का?" खालचा वॉचमन मान वर करून बघतो.

पलीकडून मामीचं समाधानी हसू येतं.

"आत्ता पोचला बघ."