सरदाराची मुलगी

सौदीत अल-खोबरला आमच्या वरच्या मजल्यावर एक फ्रेंच बाई राहायच्या. नवरा तेलाच्या कंपनीत, बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. तेराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या फ्रान्सातल्या, फ्रँक लोकांमधल्या एका खानदानी स्त्रीचं कूळ त्या शोधत होत्या. तिचा पणतू पुढे सम्राट झाला, पण तिचा बाप कोण हे कुठल्याच कागदात नाही. मठाला जमीन दिल्याचा एक दानलेख, त्यात मुलाचं नाव, एवढंच. सम्राटाची पणजी साधीसुधी कशी चालेल, म्हणून मागाहून लोकांनी तिला राजाची लेक करून टाकलं, असं त्या हसून सांगायच्या. मी त्यांचे कागद संगणकावर चढवून द्यायचे.

एकदा त्यांनी माझं घराणं विचारलं. मी म्हटलं, आम्ही सरदार. कोकणात आमचा लहानसा किल्ला होता.

असं का म्हणाले, आजही सांगता येत नाही. माझे बाबा इथल्याच दम्मामच्या कामगार कॅम्पात वीस वर्षं वेल्डर होते. एका खोलीत आठजण. त्या पगारावर मी इंजिनिअर झाले, इंजिनिअरशी लग्न करून इथे आले. इथल्या ओळखीत मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आले. बाईंनी मला नि बाबांना कॉफीला बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेला टेकले. बाईंनी त्यांनाच विचारलं, किल्ला आता कसा आहे? साइटवर शिकलेलं इंग्रजी बाबांना पुरेसं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. मग ते हळू म्हणाले, आहे, पण बराचसा पडलाय. आजोबांच्या वेळेपासून तिथे कुणी राहत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "बाय, किल्ल्याचं नाव काय सांगितलंयस? मला सांगून ठेव. परत विचारलं तर दोघांचं एकच यायला हवं."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते परत जाईपर्यंत मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

ते गेल्यावर आठवड्याने मी वर जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कागद काढला, किल्ल्यावर रेघ मारली आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. "वेल्डर," मी म्हटलं. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू त्यांना थांबवलं का नाहीस?"

संध्याकाळी बाबांना फोन करून खरं सांगून टाकल्याचं कळवलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "मी काय, येऊन गेलो. तुला तिथे राहायचंय."