बालवाडीचं मागचं फाटक

माझी मुलगी तीन वर्षांची असताना मांजरी गावातल्या एका बालवाडीत जायची. बालवाडी एका दुमजली बंगल्यात होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे पालक मॅडम म्हणत. बंगला त्यांचा नव्हता, भाड्याचा होता. पुढच्या फाटकावर कॅमेरा होता, नोंदवही होती आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय मूल हाती न देणाऱ्या मावशी होत्या. ओळखपत्र घरी विसरलं म्हणून त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला परत पाठवलं होतं. मुलगी "बाबा, बाबा" म्हणून ओरडत असताना. आम्हाला तेव्हा ते आवडलं होतं.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. माझी कामाची पाळी संध्याकाळी सुरू होते, त्यामुळे मुलीला सकाळी सोडणं आणि दुपारी आणणं माझ्याकडे होतं. एका दुपारी पुढचा रस्ता पाण्याच्या पाइपसाठी खोदलेला होता, म्हणून मी शेताच्या बाजूने वळसा घातला. बंगल्याच्या मागे एक लोखंडी फाटक होतं. ते उघडं होतं. मी आत गेले, झोपाळे ओलांडले, व्हरांड्यातून मुलांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मुलं फरशीवर बसून डबे खात होती. बऱ्याच वेळाने शिक्षिकेने मान वर केली आणि म्हणाली, "अगंबाई, आज लवकर?" मी कुठून आले, हे तिने विचारलं नाही.

मॅडमना मी त्याच दिवशी सांगितलं.

"आपल्याकडे कॅमेरा आहे ना," त्या म्हणाल्या.

"तो पुढे आहे. मी मागून आले."

"अहो, पण तुम्ही आई आहात. आईला कोण अडवणार?"

"मी आई आहे हे कोणी पाहिलं नाही. मी आलेलीच कोणी पाहिली नाही."

मॅडम हसल्या. "पत्रकारांना सगळीकडे बातमी दिसते. बघते मी."

पुढचे सहा दिवस मुलीला सोडल्यावर मी मागच्या बाजूला स्कूटर लावून थांबले. फाटक सहाही दिवस उघडं होतं. रोज पावणेदहाच्या सुमाराला शेजारच्या घरातून एक म्हातारा विळा आणि बादली घेऊन निघायचा, बाजूच्या कुंपणाच्या मोकळ्या भागातून बंगल्याच्या आवारात शिरायचा, झोपाळ्यांजवळून जायचा आणि मागच्या फाटकाने शेतात उतरायचा. सव्वाअकराला त्याच वाटेने परत. मुलांची खेळायची सुट्टी साडेदहा ते साडेअकरा होती. फाटकापासून बासष्ट पावलांवर विहीर होती. तिचा कठडा माझ्या गुडघ्याला लागत होता.

सातव्या दिवशी मी म्हाताऱ्याशी बोलले. बंगला त्याच्या पुतण्याचा. शेत बरंचसं विकलं गेलेलं, दहा-बारा गुंठे उरलेले, त्यात मेथी आणि झेंडू.

"फाटक लावून का घेत नाही, आजोबा?"

"वाट हाय ती, ताई. आमच्या वडलापासनं. पुतण्या म्हनतो वाट नाय. मी म्हनतो हाय. म्हनून चालायचं."

"चाला की. पण मागे बंद करून चाला. आत लहान मुलं आहेत."

"बंद झालं की कुलूप लागतं. कुलूप लागलं की वाट गेली. मला काय आजच कळतंय व्हय?"

शेताला दुसऱ्या बाजूने डांबरी रस्ता होता. तिकडून जाणं त्याला जवळ पडलं असतं. तसं मी म्हणाले. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कुठल्या?" त्याने विचारलं. मी माहेर सांगितलं, कोथरूड. "मग बराबर हाय," तो म्हणाला आणि निघाला.

मी मॅडमना पत्र लिहिलं. एका पानाचं. फाटक कोणत्या दिवशी किती वाजता उघडं होतं, म्हातारा किती वाजता गेला आणि किती वाजता आला, त्या वेळी अंगणात किती मुलं होती, विहीर किती पावलांवर आहे. विशेषणं घातली नाहीत. शेवटी एकच मागणी: फाटक बंद करावं. प्रत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. एका वडिलांनी लिहिलं, "काही लोकांना प्रॉब्लेम शोधायचा छंद असतो." एका आईने त्यांना विचारलं, "विहिरीत पडल्यावर शोधायचा का मग?" त्यानंतर ग्रुप दिवसभर वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत फाटकाला कुलूप लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कापलेलं होतं. मी पोहोचले तेव्हा मॅडम आणि म्हातारा फाटकाच्या दोन बाजूंना उभे होते. म्हाताऱ्याच्या हातात कागद होता. माझं पत्र. मुलीच्या वर्गातला एक मुलगा त्याच्या भावकीतला होता. त्या घरातून पत्र ग्रुपवरून त्याच्याकडे गेलं होतं आणि त्याने ते छापून आणलं होतं.

"ह्यात लिवलंय," तो मॅडमना म्हणाला, "की मी रोज जातो. टायमासकट. तुमच्याच पालकानं लिवलंय, मी सांगाय गेलो नव्हतो." मला पाहून तो म्हणाला, "ताई, तलाठ्यानं एवढं बेस लिवलं नसतं."

दुपारी मॅडमनी मला आत बोलावलं. चहा दिला. पुतण्याच्या वकिलाने पत्र वाचलं होतं. इतकी वर्षं म्हाताऱ्याकडे वाटेचा कागद नव्हता, शेजाऱ्यांपैकी कोणी साक्ष द्यायला तयार नव्हतं. आता त्रयस्थ, शिकलेल्या, सहीनिशी लिहिणाऱ्या बाईने सहा दिवसांची वहिवाट नोंदवून दिली होती. मी फाटक बंद व्हावं म्हणून लिहिलेला कागद ते उघडं ठेवायला उपयोगी पडत होता.

"एक ओळ लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "की हे ऐकीव माहितीवर लिहिलं होतं. मग मालक उद्या भिंत घालतात. विटा येऊन पडल्यात."

"ऐकीव नव्हतं."

"मला ठाऊक आहे. पण भिंत हवी तुम्हालाच ना? मुलगी तुमचीच आहे ना?"

मी विचार करून सांगते म्हणाले. हे उत्तर मी सहसा देत नाही.

नवरा आयटीत आहे. त्याने प्रश्न लगेच सोडवला. "देऊन टाक. एका ओळीने सेफ्टी मिळतेय."

"खोटी ओळ आहे."

"तुमच्या पेपरात रोज खुलासे येतात ना?"

"चुकलेलं असतं तेव्हा."

"मग समज, चुकलं. विहीर एकसष्ट पावलांवर होती."

मुलगी जमिनीवर ठोकळे लावत होती. रात्रपाळीनंतरची माझी झोप ती बालवाडीत असतानाच व्हायची. ती घरी राहिली, तर आमच्यापैकी एकाला नोकरी सोडावी लागली असती, आणि ते कोण हे आम्हा दोघांना माहीत होतं. मांजरीत दुसरी बालवाडी होती. तिथे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते आणि जिना एकच होता. ती आम्ही आधीच पाहून नाकारली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला पाठवलं नाही. तिला स्कूटरवर पुढे उभी करून म्हाताऱ्याच्या घरी गेले. तो ओसरीवर बसून विळ्याला धार लावत होता. मुलीला पाहून त्याने विळा मागे ठेवला.

"मला फाटकाशी घेणं नाही," मी म्हणाले. "मुलं बाहेर जायला नकोत आणि बाहेरचं कोणी त्यांच्यापर्यंत यायला नको. तुमची वाट राहून हे होतं का?"

त्याने ओसरीवर मुलीला बसायला जागा केली. मग विचारलं, "दुसरा कागद मागितला का तुमच्याकडं?"

"मागितला."

"दिला?"

"नाही."

"मग जाळी ठोकू. वाटंच्या कडंनं. तिकडं पोरं, हिकडं मी. खांब माझ्याकडं हायेत."

मी हे ग्रुपवर लिहिलं. मॅडमनी नाही म्हणून कळवलं. अंगणाचा तिसरा हिस्सा आणि दोन झोपाळे जाळीपलीकडे जात होते. पुतण्याचं म्हणणं, जाळी लावली म्हणजे वाट मान्य केल्यासारखं होईल, आणि ते बरोबर होतं. पण भिंतीला माझी ओळ लागत होती आणि ती मी देणार नव्हते, हेही मी लिहिलं. ते वाचून पालकांनी चार दिवस अकरा मुलं घरी ठेवली. पाचव्या दिवशी मॅडमनी जाळीला होकार दिला. पुतण्याची समजूत त्यांनी कशी काढली, ते मला कळलं नाही.

म्हाताऱ्याने आणि त्याच्या सुनेने दोन दिवसांत काम संपवलं. खांब शेतातले, जाळी नवी, वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद ठेवलेली. बैलगाडी त्याच्याकडे नव्हती. मी जाळी चार ठिकाणी हलवून पाहिली, खालून हात जातो का पाहिलं, खांबांमधलं अंतर मोजलं. मुलगी परत जाऊ लागली. साडेदहाला मुलं जाळीला तोंड लावून उभी राहत आणि पावणेदहाला गेलेला म्हातारा परत कधी येतो याची वाट पाहत. तो आला की सगळी मिळून ओरडत. तो त्यांच्याकडे न बघता जाई.

मार्चमध्ये पुढच्या वर्गाचे फॉर्म निघाले. मी मागायला गेले तेव्हा मॅडमनी वही बंद केली.

"जागा भरल्या," त्या म्हणाल्या. "अंगण लहान झालं ना आता. मुलंही कमी घ्यावी लागणार."

"किती कमी?"

"सध्या एक."

आतापर्यंत मी सगळं लिहून मांडलं होतं. हे मांडलं नाही. मुलीची पाण्याची बाटली घेतली आणि पुढच्या फाटकाशी येऊन मावशींना ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि मुलीला माझ्या हाती दिलं.