साडूकाका आणि कोपऱ्यात बसलेला बाण

आख्ख्या नेवासे तालुक्यात हुडकलं तरी आमच्या चुलत्यांच्या साडूंइतका सरळ माणूस सापडायचा नाही, आणि सरळपणाचा इतका ताप शेजाऱ्यांना देणाराही सापडायचा नाही. शेजारी म्हणजे मी. शाळामास्तर म्हणून बदली होऊन शनिशिंगणापुरात आलो तेव्हा त्यांनीच मला शेजारची खोली मिळवून दिली. आम्ही घरचे त्यांना साडूकाका म्हणायचो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला, पण उसाच्या एका कांडीचाही घोळ नाही. एकदा एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला विसरला. काकांनी घोडेगावला उतरून दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरकडून तेवढंच तिकीट घेतलं, फाडलं आणि पायी घरी आले. वर मलाच म्हणाले, "कंडक्टर इसरला, पन शनिदेव इसरतो व्हय?"

नव्वदचं दशक सरत आलेलं. बंगळूरला नोकरीला असलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलानं आपला जुना लॅपटॉप पाठवला, पण आतून पार पुसून रिकामा. नगरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, विंडोज टाकून देतो. कॉपी आहे, काळजी नको." काकांनी विचारलं, "ज्याची हाय त्याला इचारलं का?" तो फिदीफिदी हसला. काका लॅपटॉप काखोटीला मारून परत. "ज्या गावात घराला दार न्हाई, तिथं चोरीचा माल ठिवू?" मग कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या आणि कुणालाही मोफत वापरता येणाऱ्या प्रणालीची, सीडी घरात आली, आणि तिच्या मागोमाग आमची साडेसाती.

गल्लीत फोन तेवढा माझ्याकडे. मुलाचा फोन दर रविवारी यायचा, तोही दीड मिनिट. "बरं आहे ना? ठेवतो." त्या दीड मिनिटासाठी काका अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तासभर आधी माझ्या खाटेवर येऊन बसत. मावशी, म्हणजे त्यांची बायको, चुलीवरचं उतरवून येईपर्यंत फोन बंद झालेला असायचा. "ऱ्हाऊ द्या, पुढल्या रविवारी," म्हणत बिचारी दारातनंच माघारी फिरायची.

तर लिनक्स कसंबसं बसलं, पडद्यावरचा बाण बोटासरशी पळू लागला, आणि आली खंडेनवमी. घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा! मावशींनी विळी, कुऱ्हाड, शिवणयंत्र, सायकल करत करत लॅपटॉपच्या टचपॅडवर, म्हणजे बोट फिरवायच्या त्या चौकोनावरच, ओल्या हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं. दुसऱ्या दिवशी बाण जो वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच, आणि तिथंच थरथरायला लागला.

मी भीत भीत म्हणालो, "काका, ते कुंकू पुसून बघू या का?"

"गुरुजी, तीस वर्सं काट्याला कुंकू लावलं. किलोभर तरी इकडचं तिकडं झालं का? दोष लिनक्सचा हाय."

मुलाला कळवलं. आणि काय आश्चर्य, तो दीड मिनिटवाला मुलगा रोज संध्याकाळी सहाला फोन करू लागला! लॅपटॉपची बॅटरी मेलेली आणि त्याचा जाडा प्लग माझ्या खोलीत बसेना. म्हणून रिसीव्हर माझ्या कानाला, लॅपटॉप काकांच्या मांडीवर, मधे दोन बिनदाराच्या चौकटी. मुलगा सांगणार, मी बोंबलणार, "स्लॅश!" पलीकडून, "तिरकी रेघ ना? कुनीकडं झुकल्याली?" "उजवीकडं!" दर्शनाला निघालेले भाविक काहीतरी अनुष्ठान चाललंय समजून हात जोडून जायचे. एकदा भलतीच फाइल खोडली गेली आणि पडदा काळाठिक्कर पडला. काका खूश. "शनिदेवाचा रंग हाय. शुभ हाय." तीनदा लिनक्स नव्यानं टाकलं, बाण कोपऱ्यातच. पण रोजच्या कमांडी संपल्या की काका धावत यायचे आणि बापलेकांच्या गप्पा चालायच्या, उसाच्या, पावसाच्या, मेसमधल्या पाणचट आमटीच्या. मावशींनाही पाच मिनिटं मिळायची. माझा घसा बसला, पण खोटं कशाला बोलू, मला त्या फोनची सवय लागली.

दिवाळीला मुलगा आला. लॅपटॉप उघडला आणि ओरडला, "आई, हे काय गं?" ओलं फडकं घेऊन त्यानं टचपॅड पुसला, तसा बाण सुटलाच! गल्ली लोळून हसली. काकाही हसले. "आता काही अडचण नाही," असं सांगून भाऊबीजेनंतर मुलगा गेला.

मग पुन्हा रविवार, पुन्हा दीड मिनिट. काका टोपी घालून यायचे आणि जायचे. अडचण खरंच काही उरली नव्हती.

महिन्याभरानं एका मंगळवारी मी विरजण मागायला त्यांच्याकडे गेलो, तर काका लॅपटॉप उघडून मावशींपुढे बसलेले. मावशींच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा.

"अवो, आज सन कुठला?"

"सन न्हाई. लाव तू. जरा जास्तच लाव."

काकांनी माझ्याच फोनवरून मुलाला निरोप ठेवला, बाण परत कोपऱ्यात बसलाय म्हणून. सहाला फोन वाजला. काकांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडचा आवाज मला खाटेवरूनही ऐकू येत होता.

"बाबा, आईनं परत कुंकू लावलं असणार. आधी पुसून बघा."

काकांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. घेतलेलं तिकीट फाडून पायी घरी येणारा माणूस तो. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुसलं रे," ते म्हणाले, "लई घासून पुसलं. तरी बाण कोपऱ्यातच हाय. आता काय करू, सांग."

मी खाटेच्या कडेला सरकलो. मावशी पदराला हात पुसत आत आल्या आणि आज पहिल्यांदाच खाटेवर मांडी घालून ऐसपैस बसल्या.