बोअरवाले समुद्रावर

जुन्या जालन्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन गिऱ्हाईक येतं, कॉइल भरून होईस्तोवर बाकड्यावर बसतं, चहा पितं आणि जाता जाता एखादा किस्सा सांगून जातं. मोटार दुरुस्त होऊन शेतात परत जाते, किस्सा मात्र दुकानातच पडून राहतो. असे इतके साचलेत की ठेवायला फळी उरली नाही! पण खरं सांगू? त्या सगळ्यांवर कडी केली ती आमच्या एका दिवसाच्या ट्रिपनं.

झालं असं की मार्च एंड संपला आणि पंपाच्या कंपनीनं आमच्याकडच्या डीलर लोकांना कोकण दाखवायचं ठरवलं. राजापुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाइड बरोबर देणार, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात गरम पाण्याचे झरे, समुद्र, व्ह्यू पॉइंट, सगळं उरकायचं. जालन्याहून आमची सतरा सीटर निघाली.

सतरा जणांत तुम्हाला तिघं माहीत असले की पुरे. पहिले दगडूनाना. भोकरदनकडचे पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतात, नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर घ्यायचा. नाना काही डीलर नाहीत, पण त्यांच्या नारळावर आमचे सगळ्यांचे धंदे चालतात, म्हणून एक सीट त्यांची. दुसरे रफिकभाई, बोअरच्या दोन गाड्यांचे मालक. हा माणूस जिन्याची उंचीसुद्धा फुटात सांगतो. तिसऱ्या शोभाताई. जांब समर्थच्या रस्त्याला त्यांचं पाइपचं दुकान आहे. नवरा गेल्यावर दुकान एकटीनं उभं केलं. आजूबाजूच्या तीस गावांत कुणाच्या विहिरीत किती पाणी आहे, हे त्यांना तोंडपाठ!

आणि चौथा मी, माणिक.

*

गाइड होती प्राची. तिथलीच, पंचविशीची, हातात छोटा माइक. गाडीत चढल्या चढल्या तिची नजर नानांच्या मांडीवर गेली. तिथं उपरण्यात गुंडाळलेला नारळ!

"आजोबा, कोकणात येताना नारळ घेऊन आलात?" तिला हसू आवरेना. "इथं तर झाडाखाली उभं राहिलं तरी डोक्यात पडतो!"

"ह्यो कामाचा नारळ हाय, पोरी."

"मग आमचे काय बिनकामाचे?"

नानांनी खिडकीतून बाहेरची हिरवी झाडं बघितली. मग उपरणं नीट करत म्हणाले, "तसं न्हाई. पण बारा महिने पाण्यातच उभे राह्यलेत ना तुमचे नारळ. त्यांना पाण्याची कदर कुठून असणार?"

*

पहिला थांबा गरम पाण्याचा झरा. गावाचं नाव उन्हाळे.

"घ्या!" रफिकभाई म्हणाले. "आपण उन्हाळा मागं टाकून आलो, न् इथं त्याचं गावच हाय!"

दगडी तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. वाफ, गंधकाचा वास. प्राचीनं माइक लावला. "हा झरा वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चोवीस तास वाहतो. कधी बंद झालेला नाही."

सगळे फोटो काढायला लागले. शोभाताई मात्र धारेसमोर उभ्या त्या उभ्याच.

"मंग जातं कुठं हे पाणी?"

"ओढ्याला जातं ताई."

"तिथून?"

"नदीला."

"न् नदी?"

"समुद्राला."

आपल्या देखत कुणी दुधाचं पातेलं मोरीत ओतावं, तसा चेहरा झाला त्यांचा. त्या तडक गाडीत गेल्या. सतरा जणांच्या बाटल्या गोळा केल्या. ज्यांत प्यायचं पाणी उरलं होतं ते ज्याला त्याला प्यायला लावलं, आणि सगळ्या बाटल्या धारेखाली भरल्या. ड्रायव्हरचा कॅनसुद्धा सोडला नाही!

"ताई, हे गंधकाचं आहे, पिऊ नका हं," प्राची घाबरून म्हणाली.

"पीत न्हाई. पण वाया पण जाऊ देत न्हाई."

मी विचारलं, "अहो, एवढं कढत पाणी नेऊन करणार काय?"

"जालन्याला जाईस्तोवर निवंल की!"

*

तिथून जवळच गंगातीर्थ. चौदा कुंडं, आणि चौदाही कोरडी ठणठणीत. सावलीत एक म्हातारे काका बसले होते.

"गंगा सध्या गेलेली आहे," ते म्हणाले.

"कुठं?"

"ते कुणाला ठाऊक! आपल्या मर्जीनं येते, दोन-तीन महिने राहते, आपल्या मर्जीनं जाते. साधारण तीन वर्षांनी. पण नक्की सांगता नाही यायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आमच्या गल्लीतल्या नळासारखीच हाय!"

काका पण हसले. पण तेवढ्यात नानांनी उपरणं सोडलं होतं. चपला काढल्या, नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि कुंडांच्या मधून हळूहळू चालायला लागले. चौथ्या कुंडाच्या कडेला नारळ थरथरला, आणि सरळ उभा!

"हाय इथं," नाना डोळे मिटून म्हणाले. "साठ फुटाच्या आत."

रफिकभाईंच्या कानाला फोन लागलेला पण होता. "अस्लम, अपनी गाडी खाली है क्या? राजापूरकू आना पडेगा."

काका ताडकन उठले. "अहो, काय बोलताय काय? गंगेला बोअर मारणार?"

रफिकभाईंनी फोनवर हात ठेवला. फार अदबीनं म्हणाले, "काका, देवाचं काम हाय. केसिंग पाइप माझ्याकडून!"

प्राचीनं आम्हाला तिथून इतक्या जल्दी गाडीत भरलं की नानांची एक चप्पल परत आणायला मला धावावं लागलं.

*

दुपारी पहिला व्ह्यू पॉइंट. गाडीतून उतरलो, चार पावलं चढलो आणि समोर समुद्र.

आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. प्राचीनं शहाण्यासारखा माइक बंद ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काय मंडळी, कसं वाटतंय?"

"इत्ता पानी!" रफिकभाई म्हणाले. "और एक मोटर नहीं!"

नाना मात्र कठड्याला दोन्ही हात टेकून बघत होते. "सगळं खारं हाय म्हणं?"

"हो आजोबा."

"बिलकुल सगळं? मधी एखादा गोड पट्टा?"

"नाही हो. पार तिकडे अरबस्तानापर्यंत खारंच."

नानांनी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग आमच्याकडं वळून, धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "एवढी मोठी साइट, न् फेल गेली बघ देवाची."

*

आता माझाच एक सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगतो.

किनाऱ्यावर उतरलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पायाला पहिली लाट लागली आणि फोन वाजला. भोकरदनचं गिऱ्हाईक.

"माणिकभाऊ, मोटार झाली का?"

"परवा देतो. आत्ता समुद्रावर आलोय."

"समुद्रावर?" तो विचारतो, "मंग किती इंची हाय पाणी?"

आमच्याकडं बोअरचं पाणी इंचात सांगतात. दीड इंची लागलं तर बरं, तीन इंची लागलं तर माणूस गावभर पेढे वाटतो. मी त्याच्यावर हसायला पाहिजे होतं. पण सांगायला लाज वाटते, मी डोळे बारीक करून अंदाज घ्यायला लागलो होतो!

*

त्याच किनाऱ्यावर प्राचीनं सांगितलं, "आत्ता ओहोटी आहे. तीन वीसला पाणी फिरेल. भरती लागली की खडकावर कुणी थांबायचं नाही."

रफिकभाईंनी कान टवकारले. "तीन वीस? तुम्हाला काय माहीत?"

तिनं पर्समधून छापील कागद काढला. वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा. तारीखवार, मिनिटासकट.

आता आम्ही जालन्याची माणसं. पाणी कधी येणार हे कुणी कागदावर लिहून दिलं, तर आम्ही आधी त्या कागदावर सही कुणाची आहे ते बघतो! कुणाचाच विश्वास बसला नाही. रफिकभाईंनी पाण्याच्या काठाला काठीनं रेघ ओढली, खूण म्हणून स्वतःची एक चप्पल तिथं ठेवली आणि घड्याळ धरून बसले. त्यांच्या बाजूला आम्ही दहा-बारा जण.

तीन वीस. काही नाही. तीन बावीस. रफिकभाईंच्या तोंडावर 'मी बोललो नव्हतो?' असा भाव. तीन चोवीसला एक मोठी लाट आली, रेघ पुसली, चप्पल उचलली आणि गेली!

दुसरा असता तर चपलेमागं धावला असता. रफिकभाई एका पायात चप्पल घेऊन उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "बराबर टाइमाला! चार मिनिटं इकडं-तिकडं चालतंय!"

शोभाताई प्राचीला म्हणाल्या, "पोरी, इथल्या पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनचा नंबर दे. त्याची बदली आमच्याकडं करून घेतो!"

*

पाच वाजता शेवटचा व्ह्यू पॉइंट राहिला होता. तो वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर. रस्त्यात प्राचीची वाडी लागते. पाहुणे आलेत आणि घरावरून तसेच पुढं जातात हे तिच्या आईला पटणारं नव्हतं. तिनं सकाळपासून तीनदा फोन केला होता. तेव्हा पाच मिनिटं थांबायचं ठरलं.

एव्हाना आमची अवस्था वाईट होती. एप्रिलचं ऊन, अंगावर खारा वारा, आणि गाडीतल्या सतराच्या सतरा बाटल्यांत गंधकाचं पाणी! किनाऱ्यावरच्या टपरीतल्या बाटल्या आमच्या आधी आलेल्या बसनं संपवल्या होत्या. रफिकभाई मागच्या अर्ध्या तासात चारदा विचारून झाले होते, "पाणी कुठं मिळंल?" नानांचे ओठ पांढरे पडले होते.

चिऱ्याचं छोटं घर, सारवलेलं अंगण, बाजूला काजूची झाडं. प्राचीची आई हात पुसत बाहेर आली. "या, या, बसा. उन्हातून आलात. पाणी आणते आधी." आणि आत गेली. आमच्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठोपाठ आत गेल्या.

शोभाताई पायाची वाळू धुवायला घरामागं गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या. पाय तसेच, वाळूचे. माझ्या शेजारी बसल्या आणि आमच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "विहिरीचा तळ दिसून राह्यला. दोन पिंपं हायत, एक रिकामं, एकात वीतभर. शेजारणीला विचारलं. टँकर चार दिवसांनी, आला तर."

एवढंच बोलल्या. आमच्यात पुढचं सांगावं लागत नाही.

आई बाहेर आली. घासून लखलखीत केलेला मोठा तांब्या, पेले, ताटलीत गुळाचे खडे. पहिला पेला भरून तिनं नानांच्या पुढं धरला.

नानांनी पेल्याकडं बघितलं. मग ताटलीतला गूळ उचलला, तोंडात टाकला आणि पेला दोन बोटांनी हळूच मागं सारला. "तहान न्हाई माय. आत्ताच पिऊन आल्तो."

पेला रफिकभाईंकडं आला. त्यांनी छातीला हात लावला. "माफ करो आपा. डॉक्टरनं पाणी कमी प्यायला सांगितलंय."

"आम्हाला सवयच न्हाई वो ताई," शोभाताई म्हणाल्या. "जेवणाच्या येळेलाच पितो आम्ही."

मी म्हणालो, "गूळ मात्र एक नंबर!"

असं करत करत पेला सतरा जणांसमोर फिरला आणि भरलेलाच परत गेला. ताटलीत गुळाचा कण उरला नाही. आईनं पेला बघितला, आम्हाला बघितलं. पेल्यातलं पाणी तिनं थेंब न सांडता परत तांब्यात ओतलं. प्राची दारात उभी होती. गाडीत प्यायचं घोटभरसुद्धा पाणी नाही, हे तिलाही माहीत होतं. तिनं मान खाली घातली आणि हातातल्या माइकचं बटण उगाच चालू-बंद करत राहिली.

आम्ही नमस्कार करून निघालो. गाडीत चढता चढता मागं आवाज आला. कुंपणापलीकडून शेजारीण विचारत होती, "कोण गो पाहुणे?"

"घाटावरचे. जालन्याचे," प्राचीची आई म्हणाली. "माणसं भली आहेत गो. पण पाण्याची काय ती किंमत नाही बघ त्यांना!"