गिअरबॉक्समधलं पितळ

बायको गेल्यावर सतराव्या दिवशी मी कामावर हजर झालो आणि विसाव्या दिवशी एका साहेबाच्या गाडीत चुकीचं ऑइल भरलं. दोन्ही वेळी मला काहीच वाटलं नाही. चिमटा काढला असता तरी कळलं नसतं, असे दिवस होते ते.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या होत होत्या. मी भंडाऱ्याकडचा, मोटार गॅरेजात मेकॅनिक. रुआबांध्याच्या बाजूला आमची झोपडी होती. बायकोला कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. लोकांना मी हाच शब्द सांगायचो, आटोपलं. आता आठवलं की माझ्याच थोबाडात मारावंसं वाटते. घरात मी आणि नऊ वर्षांची पोरगी, एवढेच उरलो.

पोरीचा मामा तिरोड्याहून आला होता, तो तेरवीनंतरही थांबला.

"भाऊजी, पोरीले घेऊन जातो मी. तुमची ड्यूटी, इथं कोन पाहीन तिले?"

तीनदा विचारलं त्यानं. मला 'नको' म्हणायचं होतं. पोरगी गेली तर घरात माझं म्हणायला काय राहणार होतं? पण तिन्ही वेळा मी मूग गिळून बसलो. गप्प आहे म्हणजे हो आहे, असं त्यानं धरलं. त्यात त्याची काय चूक? विसाव्या दिवशीची पाचची पॅसेंजर ठरली, दुर्गहून.

त्याच दिवशी सकाळी ती गाडी आली. विलायतेत शिकून आलेल्या एका तरुण इंजिनिअर साहेबाची. दोनच सीट, कापडाचं टप, बसलं की बूड रस्त्याला टेकते की काय असं वाटावं एवढी बुटकी. आमच्याकडे यायचे डंपर आणि पाण्याचे टँकर, त्यांच्यात ही कुठून आली म्हणून सगळे गोळा झाले. दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येते, ऑइल बदलून द्या, चारला नेतो, असं साहेब सांगून गेला. गाडीचं पुस्तक त्याच्याजवळ नव्हतं. जाताना एवढंच म्हणाला, की गिअरबॉक्स गेला तर पार्ट इथं जन्मात मिळणार नाही.

मी खालचा बोल्ट काढला. जुनं ऑइल पातळ निघालं, इंजिनात घालतो तसं. काळ्या तेलात पिवळी चमक होती, हळदीची चिमूट टाकल्यासारखी. एरवी मी तिथंच थांबलो असतो. बोटावर घासून पाहिलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, दोघांना विचारलं असतं. त्या दिवशी पाहिलं आणि ट्रे बाजूला सरकवला.

फोरमन म्हणाला, "गाढ़ा वाला डाल दे, डंपर का. तेज गाडी है, मजबूत तेल चाहिए।"

डंपरच्या मागच्या ॲक्सलचं ते तेल म्हणजे काकवीसारखं दाट, आणि गंधकाचा असा दर्प की नवा माणूस नाक धरून पळायचा. साऱ्या गॅरेजात त्याच्याइतकं भारी तेल नव्हतं. मी भरलं. बोल्ट आवळला आणि जेवायला घरी आलो.

मामाचं सामान बांधून झालं होतं. पोरगी चुलीपाशी होती. माझ्यासमोर ताट ठेवलं, ताक ओतायला तिनं पातेल्यासारखा तो गंज उचलला, आत पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी तिच्या मायसारखी.

"बाबा, ताक या गंजात कावून ठेवलं तू?"

"काय झालं?"

"पितळेचा आहे ना हा! कल्हई गेली ना त्याची. आई म्हणे ना, आंबट ठेवलं का कळकते!"

तिनं गंज माझ्यापुढं वाकडा केला. आतून कडेला हिरवट वर्तुळ धरलं होतं. कुरुद गावची रौताईन, म्हणजे गवळीण, दारावर मही, म्हणजे ताक, द्यायची, ते मी चार दिवस त्याच गंजात ओतत होतो आणि तेच पीत होतो. कळकलेलं ताक बाप्पा! जिभेवर ठेवलं की माणूस थुंकते. मला चवच कळली नव्हती.

मामा म्हणाला, "पाहा भाऊजी. म्हणूनच म्हनतो मी. लेकराच्या पोटात गेलं असतं म्हंजे?"

पोरीनं ताक फेकलं, गंज चिंचेनं घासायला घेतला. काळपट पितळ चिंचेखाली पिवळंधमक व्हायला लागलं, आणि ते पाहताना मला ट्रेमधली ती चमक आठवली. त्या गिअरबॉक्सात पितळ होतं. आणि त्यावर मी गंधकाचं तेल ओतून आलो होतो, आंबटासारखं तेही पितळ खाते.

मी ताटावरून उठलो.

"बाबा, जेव ना!"

"आलोच," म्हणालो आणि धावत सुटलो. वीस दिवसांत पहिल्यांदा पाय उचलले होते माझे.

गॅरेजात भंगारातून पितळेच्या दोन बुशी, नळीच्या तुकड्यांसारख्या, शोधल्या, घासून चकचकीत केल्या. दोन डबड्यांत टाकल्या, एकात डंपरचं तेल, दुसऱ्यात साधं इंजिन ऑइल, आणि दोन्ही डबडी स्टोव्हवर मंद आचेवर ठेवली. फोरमन हसायला लागला, "क्या पका रहा है भाई, भजिया?" तासाभरानं चिमट्यानं बाहेर काढल्या. इंजिन ऑइलातली होती तशीच पिवळी. डंपरच्या तेलातली काळीठिक्कर. फोरमनचं हसणं थांबलं. मी सगळं दाट तेल काढलं, पातळ तेलानं गिअरबॉक्स दोनदा धुतला आणि इंजिन ऑइल भरलं. घड्याळ पाहिलं तर चार वाजून गेले होते. घरून ते दोघं केव्हाच निघाले असतील.

साहेब आला. मी बुशी दाखवल्या, झालं ते सांगून टाकलं. तो रागावला नाही. म्हणाला, "चलो, ट्रायल लेते हैं। किधर चलें?"

"दुर्ग स्टेशन," मी म्हणालो.

रस्ताभर तो दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा करत होता आणि आवाज म्हणून नव्हता. मी मनात एकच घोकत होतो. नको नेऊ. पोरीले नको नेऊ. शब्द तर दोनच होते.

पॅसेंजर लागलेली होती. खिडकीत पोरगी होती. तिनं मला धावत येताना पाहिलं आणि तिचं तोंड असं फुललं, की आजही डोळे मिटले तर तेच दिसते. ती पटकन उठली, मांडीवरचं गाठोडं उचललं, दाराकडे वळली. बाबा न्यायला आला, असं वाटलं तिला.

मी खिडकीशी पोचलो. धाप लागली होती. मामा पाहत होता, पोरगी गाठोडं छातीशी धरून उभी होती. मी तोंड उघडलं.

"नीट जाजो," म्हणालो.

का म्हणालो? कितीदा विचारलं मी स्वतःला. तोंडात आलं तेच म्हणालो, बस. ती दाराकडून परत वळली. मग बसली, गाठोडं मांडीवर ठेवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "ताक गाडग्यात ठेवजो बाबा."

नंतर ती सुट्टीत यायची, आठ दिवस, पाहुणीसारखी. तिरोड्यालाच शिकली, लग्नही मामानंच करून दिलं.

त्या दिवशी स्टेशनबाहेर साहेब गाडीत वाट पाहत होता. मी शेजारी बसलो. त्यानं गिअर टाकला, तो अलगद पडला. साहेब खूश होऊन म्हणाला, "अच्छा हुआ, टाइम पर ध्यान आ गया तुमको।"

"हो साहेब," म्हणालो, आणि तिथून भिलाई येईपर्यंत रडत होतो.