विजेची बंदूक

वाळूजच्या एका कारखान्यातल्या वायरमन सोनाजीला स्नेहसंमेलनाच्या नाटकात शत्रूचं काम मिळालं होतं. सुपरवायझर काकासाहेबांनी विजेची बंदूक झाडायची आणि त्यानं दहा पावलांवर तडफडून मरायचं. तालमीत मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नसे.

"साहेब, वीज नेम धरून जात नाय. बोटभर हवा फोडायलाच हजारो व्होल्ट लागत्यात. दहा पावलांना लाखो लागतील, अन् ती जवळची वाट धरून झाडणाऱ्यालाच आधी खाईल."

"नाटक हाय, सोनाजी. गुमान पड."

प्रयोगात बंदूक कडाडली. सोनाजीचे गुडघे वाकेनात. घामाघूम होऊन तो ओरडला, "विजेला तूच जवळचा, तूच पड!" प्रेक्षकांतल्या वायरमननी शिट्ट्या मारल्या. काकासाहेब गोंधळले आणि नाइलाजानं छाती धरून आडवे झाले.

पडदा पडताच ते तणतणत आले. "माझं हसं केलंस!"

सोनाजी येरझारा घालत होता. "साहेब, आधीच्या कारखान्यात पॅनलमधून वीज उडाली, अन् माझा जोडीदार कडूबा माझ्या डोळ्यांसमोर तडफडून गेला. मला त्येची नक्कल नाय जमत."

काकासाहेबांचा आवाज उतरला. "मग तालमीतच का नाय सांगितलंस?"

"व्होल्टचं बोलता येतं, साहेब. ह्ये नाय येत," म्हणत तो पुन्हा चालू लागला.