राजीनामा मंजूर

झाशीच्या बडा बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने परवा मला हाक मारली, "बाबूजी, आपका वाला हीरो फिर से छपा है." माझ्या तरुणपणीच्या त्या मुखवटाधारी वीराच्या हिंदी चित्रकथांचा तो जाड, गुळगुळीत कागदाचा संग्रह होता. प्रस्तावना वाचून माझे मस्तक भडकले. संपादकांनी जाहीर केले होते की, नायकाचे लग्न कथेच्या सोयीसाठी 'झालेच नाही असे मानावे'. पक्षकारांना नोटीस नाही, सुनावणी नाही, आणि विवाह रद्द! त्याच संध्याकाळी मी पत्र लिहायला बसलो.

या प्रकाशनाशी माझा पत्रव्यवहार जुना आहे. मी येथील दिवाणी कचेरीत नवा कारकून होतो तेव्हाचा. नायकाची प्रेयसी वेधशाळेत नोकरी करणारी. दर दोन-चार अंकांनी मुखपृष्ठावर मुंडावळ्या बांधलेला वीर दिसे आणि आत ऐन मुहूर्ताला कुठेतरी धरण फुटे. एकदा लग्न खरोखर लागले, आणि शेवटच्या पानावर ते स्वप्न निघाले. मुखपृष्ठ म्हणजे ग्राहकाला दिलेले वचन होय, असे मी संपादकांना रजिस्टर्ड पत्राने कळवले. उत्तरादाखल नायकाचे एक रंगीत चित्र आले.

वाचून झालेले अंक मी बुकपोस्टाने साताऱ्याला पाठवत असे. तिथल्या एका शिक्षिकेशी माझा साखरपुडा झाला होता. आमच्या दतिया गेटच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, परंतु मुली अजूनही तिकडूनच आणायची रीत होती. लग्न मात्र मी दोनदा पुढे ढकलले होते. कारण, खात्याची परीक्षा. दुसऱ्यांदा ढकलले तेव्हा तिचे पत्र आले: "तुमच्या त्या वीराच्या आड निदान धरण तरी येते. तुमच्या आड नुसती परीक्षा येते."

मी संतापलो. आकडे घातलेल्या परिच्छेदांत तीन पाने बचाव लिहिला. मग मन विरघळले, आणि शेवटी लिहिले: "आता वाद पुरे. मी राजीनामा लिहून देण्यास तयार आहे. अटी तुम्ही कळवाव्यात."

आठवड्याभरात सगळे अंक सुतळीने बांधून परत आले. वर चिठ्ठी होती: "राजीनामा मंजूर. अट काहीच नाही."

मला कोण आनंद झाला! कचेरीत पेढे वाटले. अंक परत का आले, यावर घरी मी खुलासाही केला, "आता तीच इथे येणार, तर अंक तिकडे कशाला?" काकू मूळची कोल्हापूरची. तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

"पेढे कसले वाटतोस, मेल्या? लग्न मोडलंस तू!"

"मोडलं? राजीनामा केला मी. समेट!"

"तुझ्या कचेरीत समेट. आमच्याकडे नोकरी सोडताना देतात तो."

जन्मभर बोललेल्या भाषेतला एक शब्द माझ्याकडे हिंदी अर्थाने नांदत होता, हे मला त्या क्षणी कळले. त्याच दिवशी रजा टाकून मी गाडी धरली.

साताऱ्यात तिचे वडील दारातच उभे राहिले. "राजीनामा दिलेल्या माणसाचं इथं काय काम?"

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून शब्दार्थाचा युक्तिवाद केला. त्यांच्या मागून तिचा आवाज आला, "मग झाशीत नोकरी सोडताना काय देतात?"

"इस्तीफा."

ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. "शब्द चुकला, मान्य. पण दोन मुहूर्त मोडलेत, तेव्हा मला एकदा तरी विचारलंत?"

नायक मुखवट्याआड लपे, मी परीक्षेआड. त्याच्यावर रागावणे सोपे होते, एवढेच.

"अटी घाला," मी म्हणालो.

तिने दोन घातल्या. येणारा पहिला मुहूर्त धरायचा, मग परीक्षेत नापास झालात तरी बेहत्तर. आणि यापुढे कोणतेही पत्र तिने वाचल्याशिवाय पेटीत पडायचे नाही. मी लग्न केले आणि नापासही झालो.

दुसरी अट आजही लागू आहे. परवाचे पत्र तिने चष्मा लावून वाचले. "अहो, 'राजीनामा' कुठे नाही ना यात?" एवढे विचारून कायद्याचे पाच परिच्छेद सरळ खोडले. मी हरकत घेतली; तिने ऐकली नाही. उरलेल्या जागेत तिने स्वतःच्या अक्षरात एकच ओळ लिहिली: "लग्न रद्द करताना वेधशाळेतल्या बाईंना विचारले होते का?"

खाली मी सही केली आणि लक्ष्मी गेटच्या पोस्टापर्यंत चालत जाऊन पत्र रजिस्टर केले.